पहिला तास

वऱ्हाडात तास म्हणजे घड्याळातला तास नव्हे. तांड्यावर घड्याळ होतं कोणाकडे! तास म्हणजे पेरताना तिफणीच्या फणानं जमिनीत ओढलेली ओळ, आणि पुढे त्याच ओळीत उगवून आलेलं पीकसुद्धा. इंझोरीकडच्या माळावर बंजाऱ्यांचा एक तांडा होता. तिथे माणसाची पारख या तासावरून व्हायची. सोयरीक घेऊन आलेले पाहुणे आधी धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उभे राहून वावर बघत आणि मग नवरा मुलगा. वाकडे तास घालणाऱ्याच्या घरी पोरगी देऊ नये, असं तिथल्या म्हाताऱ्यांचं ठाम मत होतं, आणि म्हाताऱ्यांशी वाद घालायला कोणाला सवड होती!

भाऊसिंगचे तास म्हणजे सूत धरून मारलेली रेघ. दोन बैलांच्या शिंगांमधून समोरची एखादी बाभूळ नजरेत धरायची आणि ती सोडायची नाही, एवढंच तो सांगायचा. पण ते इतरांना काही जमत नसे. मागे त्याची बायको गोमतीबाई ओटीत ज्वारी घेऊन चाड्यावर मूठ धरायची, म्हणजे तिफणीच्या लाकडी वाटीत बियाणं सोडायची. तिचाही हात असा, की दाणा दाट पडायचा नाही आणि विरळही नाही. दोघं पेरायला लागले की वाटेनं जाणारा गाडीवान बैल थांबवून बघत राही.

तांड्याचा नाईक, म्हणजे प्रमुख, होता मदनसिंग. ऐंशीच्या घरातला, मिशा पांढऱ्याशुभ्र, आवाज मात्र अजून खणखणीत. तांड्याची पेरणी आधी नाईकाच्या वावरात सुरू व्हायची. बंजाऱ्यांच्या संताचं, सेवाभायाचं नाव घेऊन नारळ फुटायचा, बाया गाणी म्हणायच्या, आणि सगळ्या तांड्यादेखत पहिला तास घालायचा तो भाऊसिंगनं. मिसरूड फुटल्यापासून तो मान त्याच्याकडे होता. तास पडला की नाईक एक डोळा मिटून दुसऱ्यानं वावराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बघे आणि म्हणे, "हाव! बंदुकीची गोळी जाईन यातून." भाऊसिंगचं स्वतःचं शेत बेताचंच, तेही माळाच्या उतारावरचं, बरड. पण नाईकाच्या त्या एका वाक्यावर त्याचं वर्ष निघून जायचं.

वऱ्हाड मुंबई राज्यात गेलं, त्याच्या दुसऱ्या हिवाळ्यातली गोष्ट. तांड्यावर ग्रामसेवक आला. मंगरूळपीरच्या बाहेर मोठ्या माणसांसाठी जनता विद्यालय निघालं होतं. शेतकऱ्यांनी तिथेच राहायचं, जेवायचं, आणि माती, पाणी, झाडझाडोरा यांचं शिक्षण घ्यायचं. तांड्यातून एक माणूस द्या, असं त्याचं म्हणणं. नाईकानं क्षणभरही विचार केला नाही.

"भाऊसिंगले न्या," तो म्हणाला. "सरकारले सरळ तास पाह्याचा असन, तर पाहू द्या एकडाव."

म्हणजे नाईकाच्या हिशेबानं भाऊसिंग शिकायला नव्हे, शिकवायला चालला होता. भाऊसिंगलाही मनातून तसंच वाटत होतं. तिशी उलटलेला माणूस, लहानपणी दुसरीपर्यंत गेलेला. धोतराचं गाठोडं काखोटीला मारून तो मोटारीत बसला, तेव्हा सगळा तांडा त्याला पोहोचवायला फाट्यावर आला होता.

विद्यालयात पहिल्याच संध्याकाळी मेहबूब मास्तरांनी सगळ्यांना गोळा केलं. मास्तर मंगरूळपीरचेच, सुताराच्या घरातले, नागपूरला शेतकी शिकून आलेले. "उद्या सकाळी पहिला तास माझा," ते म्हणाले. "दिवस निघायच्या आत तयार राहा."

भाऊसिंग चाटच पडला. पहिला तास मास्तर स्वतः घालणार! एवढा शिकलेला माणूस तिफण धरतो! हिवाळ्यात पेरणार काय, ही शंका त्याला आली, पण सरकारी शेत, सरकारी रीत; आपण कोण विचारणारे? पहाटेच उठून त्यानं विद्यालयाचे बैल पुसून काढले, तिफण जुंपली आणि शेताच्या वरच्या अंगाला कासरा धरून उभा राहिला. इकडे खोलीत फळ्यासमोर सगळे जमले, हजेरी झाली, आणि भाऊसिंगचा पत्ता नाही. शोधत शोधत मास्तर शेतात आले.

"इथं काय करून राह्यला बे?"

"तुमची वाट पाहून राह्यलो, मास्तर. पह्यला तास घालता ना तुमी?"

मास्तरांना उलगडा झाला तेव्हा ते पोट धरून हसले. मागून आलेले बाकीचेही हसले. भाऊसिंगला विद्यालयातल्या तासाचा अर्थ कळला, आणि त्याला जमीन दुभंगून आत घेईल तर बरं असं झालं. पण मास्तरांनी हसू आवरलं आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "जुंपलीच हाय, तर हाक."

भाऊसिंगनं समोरचं एक निंबाचं झाड धरलं आणि तिफण हाकली. उतारावरून खाली, एका दमात. सगळी हसणारी तोंडं गप्प झाली. "क्या बात है!" मास्तर म्हणाले. "असा तास म्या नागपुरातबी नाई पाह्यला." मग त्यांनी विहिरीवरून एक घागर आणवली आणि तासाच्या वरच्या टोकाला ओतली. पाणी त्या ओळीतून जे सुटलं ते थांबलंच नाही. ढेकळं विरघळवत, माती ओढत, सुसाट खालच्या धुऱ्यापर्यंत गेलं आणि धुऱ्यापलीकडे दिसेनासं झालं. वर तास होता तिथे नुसती घळ उरली.

"पाह्यलं?" मास्तर हळूच म्हणाले. "पाण्यालेबी तुहा तास लई आवडला."

त्या एका वाक्यानं भाऊसिंगची झोप उडाली असं म्हटलं तर खोटं होईल. त्या रात्री तो मेल्यासारखा झोपला. पण सकाळी उठला तो शिकायला.

आणि काय काय पाहिलं त्यानं त्या हिवाळ्यात! मास्तरांनी दोन पत्र्याच्या पेट्या तिरक्या ठेवल्या. एकीत नुसती माती, दुसरीत मातीवर कुंदा गवत. दोन्हींवर झारीनं सारखंच पाणी घातलं. उघड्या मातीतून निघालं ते पाणी चहासारखं, गवतातून निघालं ते पिण्यासारखं. भाऊसिंगनं ते खरंच पिऊन बघितलं. दुसऱ्या दिवशी मास्तरांनी तुरीचं झाड उपटून मुळावरची गाठ नखानं फोडली, तर आत लालसर. "मुळाले रगत!" भाऊसिंग ओरडलाच. मास्तरांनी सांगितलं की ही गाठ हवेतलं खत पकडून मातीत घालते. आयुष्यभर तो तूर काढत आला होता, तुराट्यांवर भाकरी भाजून खात आला होता, आणि पायाखाली एवढा कारभार चालतो हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. त्याला त्या झाडाच्या पाया पडावंसं वाटलं. आजूबाजूला कोणी नाही असं बघून तो पडलाही.

एक दिवस मास्तर म्हणाले, बोटाच्या पेराएवढी माती घडायला माणसाच्या कितीतरी पिढ्या जातात. भाऊसिंग स्वतःच्या बोटाकडे बघत बसला. पावसाळ्यात तांड्याखालचा नाला लालकाळा होऊन धो धो वाहायचा, आणि लहानपणापासून तो काठावर उभा राहून टाळ्या पिटायचा. ती टाळी वाहून चाललेल्या त्याच्या बापाच्या वावराला, आजाच्या वावराला होती. आपण आजवर सरळ तास घालून आपलंच शेत नाल्यात लोटत आलो, हे त्याला कळलं, आणि भरदिवसा त्याच्या अंगावर काटा आला.

पण त्याला खरं वेड लावलं ते नळीनं. एक लांब रबरी नळी, तिच्या दोन्ही टोकांना काचेच्या नळ्या, आत लाल शाई घातलेलं पाणी. एक टोक इथे धरा, दुसरं पन्नास हात दूर न्या. पाणी दोन्हीकडे एकाच पातळीला येऊन थांबणार. भाऊसिंगला ते पटेना. तो आपलं टोक घेऊन विद्यालयाच्या भिंतीमागे गेला, जिथून दुसरं टोक दिसतच नव्हतं. वर केलं, खाली केलं, लपवून धरलं. पाणी थोडं हलायचं, डुचमळायचं, आणि शेवटी बरोबर जागेवर येऊन शांत व्हायचं.

"याले तिकडलं कसं समजते, मास्तर?"

"ते मलेबी पूरं समजलं नाई," मास्तर म्हणाले. "पर ते झूठ बोलत नाई."

पाणी सांगेल तिथे खुंट्या ठोकत गेलं की उतारावर एक ओळ तयार व्हायची, ना वर जाणारी ना खाली. त्या ओळीनं पेरलं तर प्रत्येक तास एक छोटा धुरा होतो आणि पाणी अडवतो. विद्या एवढीच. फक्त ती ओळ सरळ नसायची. माळ जसा वळेल तशी ती वळायची.

शिमग्याला भाऊसिंग मास्तरांकडून नळी मागून घेऊन घरी आला. दुसऱ्याच दिवशी गोमतीबाईच्या हातात एक टोक दिलं आणि दोघं आपल्या वावरात उतरले. "थांबलं का?" तो ओरडायचा. "थांबलं!" ती ओरडायची. खुंटी पडायची. दुपारपर्यंत गोमतीबाई त्या खेळात रंगून गेली होती. पण सगळ्या खुंट्या झाल्यावर तिनं धुऱ्यावरून नजर टाकली आणि तिचा चेहरा उतरला.

"अवो, हे तर साप गेल्यावानी दिसते! अशानं पेरसान तुमी?"

बातमी नाईकापर्यंत जायला किती वेळ लागतो! संध्याकाळी नाईकानं त्याला बोलावून घेतलं. चार माणसांत भाऊसिंगनं पेटीचं, मुळाचं, नळीचं सगळं सांगितलं. नाईकानं ते ऐकून घेतलं, पण त्याला त्यातला एकच शब्द ऐकू आला होता.

"वाकडा?" तो म्हणाला. "तुले म्या सरळ तास दाखवाले धाडलं, अन् तू वाकडा शिकून आला? आयक भाऊसिंग. तुह्या वावरात तू काहीबी कर. पर वाकडा तास घालनाऱ्याचा हात माह्या वावराले लागनार नाई."

भाऊसिंग मान खाली घालून उठला. एका बाजूला तो मान, दुसऱ्या बाजूला ती नळी. मान सोडवत नव्हता, आणि जे डोळ्यांनी पाहिलं ते विसरवत नव्हतं. सगळा उन्हाळा तो असा घुसमटत राहिला. खुंट्या मात्र त्यानं उपटल्या नाहीत.

मृग लागला. नाईकाच्या वावरात नारळ फुटला आणि तिफणीवर उभा राहिला हरिसिंग, भाऊसिंगचा चुलतभाऊ. बाया गाऊ लागल्या. गोमतीबाई सवयीनं ओटी बांधून आली होती. चाड्यावर मूठ धरायला हरिसिंगची बायको पुढे झाली, तेव्हा गोमतीबाईनं ओटी सोडली, लुगडं झटकलं आणि गाण्यात आवाज मिसळला. तिचा आवाज फाटत होता, हे फक्त भाऊसिंगला कळलं. त्याला मेहबूब मास्तरांचा मनस्वी राग आला. न शिकता सुखात होतो की!

तरीही दुसऱ्या दिवशी त्यानं आपल्या वावरात खुंट्या धरून तिफण हाकली. बाभूळ सोडून खुंटीकडे बघायला डोळा तयार होईना. हात आपोआप सरळ जाऊ बघे. माळाच्या वळणानं तास वळत गेले. शेवटी वाटेकडची पट्टी उरली, तेव्हा गोमतीबाई थांबली.

"माहं एक आयका. वाटेकडचे तेवढे तरी सरळ घाला. मले रोज पान्याले त्याच वाटेनं जा लागते. बाया हासतीन."

तिच्या डोळ्यांत पाणी होतं. खरं सांगायचं तर भाऊसिंगला स्वतःलाही तेच हवं होतं. त्यानं बाभूळ धरली आणि वाटेकडचे तास असे सुतात घातले, की वाटेवरून बघणाऱ्याला मागचं वाकडं वावर दिसूच नये.

पण ज्वारी वर आली की लपतं काय? "शाळेत जाऊन तास इसरला," "बैलाले पाजली होती का रे भाऊसिंग?" असं जो तो म्हणून घेई. डवरणीच्या, म्हणजे बैलांनी कोळपणी करायच्या, वेळी तर पोरंटोरं धुऱ्यावर बसून बैलांच्या चालीची नक्कल करत. भाऊसिंग आपले बैल हाकत राही. उत्तर ज्याच्याकडे होतं तो अजून आला नव्हता.

तो आषाढाच्या शेवटी आला. दुपारीच अंधारून आलं आणि माळावर आभाळ फाटलं. समोरचा गोठा दिसेनासा झाला. नाल्याचा आवाज तांड्यापर्यंत येऊ लागला. त्या आवाजाला लहानपणी टाळ्या पिटणारा भाऊसिंग दारात गुडघे पोटाशी घेऊन बसला होता.

सकाळी उघडलं तसा तो वावराकडे धावला. आधी लागते वाट. वाटेकडच्या पट्टीत त्यानं हौसेनं घातलेले सरळ तास नव्हतेच. त्यांच्या जागी घळी पडल्या होत्या, दगड उघडे पडले होते, ज्वारी मुळासकट खाली धुऱ्याला जाऊन अडकली होती. मागचं वावर बघायची त्याला हिंमत होईना.

मग त्यानं बघितलं.

सगळ्या उतारावर, वरपासून खालपर्यंत, दोन दोन तासांच्या मधे पाणी उभं होतं. वाहत नव्हतं, उभं होतं. माळ वळेल तसं ते वळत गेलं होतं, आणि प्रत्येक ओळीत सकाळचं आभाळ पडलं होतं. ज्वारी गुडघ्याएवढी, हिरवीगार, घोट्याएवढ्या पाण्यात शांत उभी. कुठे घाई नाही, कुठे आवाज नाही. खालच्या धुऱ्यावरून थोडंसं पाणी निसटत होतं. भाऊसिंगनं ते ओंजळीत घेतलं. गवताच्या पेटीतून आलं होतं तसंच, पिण्यासारखं. एवढा मोठा पाऊस, सगळ्या माळाला ओरबाडून गेलेला, आणि आपल्या बरड वावरात तो पाहुण्यासारखा येऊन बसला, हे बघून भाऊसिंगला रडू फुटलं. तो मोठ्यानं रडला.

मागे काठीचा आवाज झाला. मदनसिंग नाईक धुऱ्यावर उभा होता. त्याचे पाय मांडीपर्यंत चिखलानं भरले होते. स्वतःच्या वावरातून येत होता, आणि तिथे काय झालं असेल ते वाटेकडच्या पट्टीवरून कोणालाही कळलं असतं. नाईकानं सवयीनं एक डोळा मिटला आणि तास बघू लागला. मग त्यानं तोही डोळा उघडला, काठी धुऱ्याला टेकवून ठेवली आणि पाण्यात उतरला.

दोन तासांच्या मधून तो चालू लागला. म्हातारा माणूस, काठीशिवाय, पाण्यातून. भाऊसिंग धरायला धावला, तर त्यानं हातानंच मागे सारलं. वळणावळणानं तो पार दुसऱ्या टोकापर्यंत गेला आणि तिथे उभा राहिला. परत आला तेव्हा त्याला धाप लागली नव्हती.

"भाऊसिंग," तो म्हणाला. आवाज नेहमीचा नव्हता. "पायाले चढ नाई लागत रे. उतारबी नाई."

"नाई लागत, नाईक."

"हे लदेनीची वाट हाय." लदेनी म्हणजे बैलांवर माल लादून फिरायचा जुना धंदा; तो भाऊसिंगच्या जन्माआधीच बुडाला होता. "तुले काय ठाऊक! म्या एवढासा होतो. बैलाच्या पाठीवर मिठाच्या गोन्या, अन् आमचा तांडा देश पालथा घालत जाये. चढ लागला का बैल फेस टाके. म्हनून माहा बाप पुढं चाले, अन् डोंगराच्या पोटानं वाट काढे. ना वर ना खाली. अशीच, वळत वळत. म्या त्याच्या मांगं चालत जाओ. त्यानंतर आज चाललो बाप्पा त्या वाटेनं."

त्यानं डोळे पुसले नाहीत. वाहू दिले. वाटेनं गोमतीबाई घागर घेऊन येत होती. धुतल्या गेलेल्या सरळ तासांपाशी ती थबकली, मग मागचं वावर दिसलं तशी घागर तिथेच ठेवून आत आली. तिघंही पाण्याच्या कडेला उभे राहिले.

पुढच्या वर्षी मृगाआधी भाऊसिंग पुन्हा मंगरूळपीरला गेला आणि नळी मागून आणली. नाईकाच्या वावरात सगळा तांडा जमला होता. एक टोक गोमतीबाईनं धरलं. दुसरं नाईकानं दुसऱ्या कोणाला धरू दिलं नाही. दोन्ही हातांनी छातीशी धरून तो वावराच्या मधोमध उभा राहिला. काचेतलं लाल पाणी हललं, डुचमळलं. नाईकाच्या डोळ्यांना ते आता नीट दिसत नव्हतं.

"थांबलं का, गोमती?"

"थांबलं, नाईक!"

"मंग ठोक खुंटी."

खुंट्या पार खालच्या धुऱ्यापर्यंत गेल्या. मृग बरसला, नारळ फुटला, बाया गाऊ लागल्या. गोमतीबाईनं ओटी बांधली. भाऊसिंगनं तिफणीवर हात ठेवला. समोर बाभूळ होती. त्यानं नाईकाकडे बघितलं.

"तिकडं काय पाह्यतं?" मदनसिंग नाईक सगळ्या तांड्यादेखत ओरडला. "घाल वाकडा!"